मयताचा कापूस

"मले वाचता येत नाही असं नाही, तारिकभाऊ," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "पन हे कोर्टाचं मराठी हाय. एक-एक अक्षर वयखू येते, अन सारं मिळून काय म्हनते ते समजत नाही."

काउंटरवर ठेवलेला कागद तारिकने हात न लावता वाचला. रविवारची सकाळ होती, साडेआठ वाजले होते, आणि अकरा वाजता त्याच्या पहिल्या कादंबरीचे प्रकाशन होते. अंगात नवे जाकीट होते. आज झेरॉक्सचे दुकान उघडायचे नव्हते. केवळ मानपत्राचे लॅमिनेशन राहिले होते म्हणून त्याने शटर अर्धे वर केले होते, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून सत्यशीलाबाई आत आल्या होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवत. सहा वर्षांपूर्वी त्यांची थोरली मुलगी दीपा पांढरकवड्याच्या बायपासवर मरून पडलेली सापडली होती.

न्यायालयाची नोटीस होती. तिचा अर्थ असा, की दीपाच्या अपघाती मृत्यूचा तपास पोलिसांनी पूर्ण केला असून 'अ' वर्गाचा अंतिम अहवाल सादर केला आहे. गुन्हा घडला हे खरे, परंतु आरोपी मिळून येत नाही. फिर्यादीस हरकत असल्यास सोमवारी अकरा वाजता हजर राहावे, अन्यथा प्रकरण बंद करण्यात येईल. कर्त्यावाचून क्रिया संभवते की नाही यावर या देशातील दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. दीड पानाच्या या अहवालाने तो प्रश्न निकालात काढला होता.

"उद्या हरकत घ्या," तारिक म्हणाला.

"घेईन. पन वकील म्हनते, नुसतं रडून हरकत होत नाही. काहीतरी नवं पायजे. नवा साक्षीदार." त्यांनी कागद त्याच्याकडे सरकवला. "तुमची किताब माह्या धाकट्या पोरीनं, अपेक्षानं टाइप केली."

तारिकच्या हातातले मानपत्र गरम रोलरमध्ये वाकडे गेले.

बसस्थानकासमोरच्या डीटीपी सेंटरमध्ये त्याने हस्तलिखित मालकाच्या हाती दिले होते, प्रुफे मालकाकडूनच घेतली होती. आतल्या खोलीत संगणकावर पाठ करून बसलेली मुलगी कोण, हे विचारण्याची त्याला गरज भासली नव्हती. कादंबरीतला त्याचा नायक असे कधीच करत नसे. तो चहावाल्याचेही आडनाव विचारून घेत असे.

"अकराव्या परकरनाले ती उठून बाहेर गेलती म्हने," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मंग परत येऊन पुरं केलं. रात्री मले वाचून दाखवलं. भाऊ, नाकातल्या कापसाची गोठ तुमाले कशी माहीत?"

* * *

तारिकचा बाप मोहिउद्दीन पिंजारी होता. गाद्या-रजयांचा कापूस पिंजणे हा घराण्याचा धंदा, आणि त्याची लांब पिंजण अजूनही झेरॉक्सच्या यंत्रावर भिंतीला टांगलेली होती. या घराची एक रीत होती. गावात कोणीही मेले, कोणत्याही जातीचे वा धर्माचे, तरी नाकाकानात ठेवायचा कापूस याच दुकानातून जाई. तो विकला जात नसे. आणि एकदा मयतासाठी म्हणून वेगळा काढला, की उरला तरी परत ढिगात टाकला जात नसे. मोहिउद्दीन वारला, रेडिमेड गाद्या आल्या, मुलाने झेरॉक्स टाकले आणि एका मोठ्या दैनिकाचे वार्ताहरपद पत्करले. तरी हजराबीने, त्याच्या आईने, ही एवढी रीत मोडू दिली नव्हती.

वार्ताहरपद पत्करले असे म्हणणे हा भाषेचा उदारपणा झाला. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणारा आणि पोलीस ठाण्यातील टिपण स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवणारा इसम. तारिकने एकवीस वर्षे हे काम निष्ठेने केले. दीपाच्या वेळीही केले. डिसेंबरचा महिना होता, जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा हंगाम. सकाळी सहाला कोणीतरी फोन केला म्हणून तो बायपासवर सर्वांच्या आधी पोचला, त्याने मोबाइलवर फोटो काढले, आणि संध्याकाळी सात ओळी पाठवल्या: 'अज्ञात वाहनाच्या धडकेत तरुणी ठार'. या सात ओळी त्याने ठाण्यातील टिपणावरून घेतल्या होत्या. पुढे त्याच ओळींचे कात्रण तपासाच्या कागदपत्रांना जोडले गेले. दोन झिंगलेली माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहतात, तसे ते दोन पुरावे सहा वर्षे एकमेकांच्या आधाराने उभे होते.

त्या दुपारी दीपाचा मामा हजराबीकडून कापूस घेऊन गेला आणि तासाभराने पुडी परत घेऊन आला. नाकात आधीच ठेवलेला आहे म्हणे, कोणी ठेवला ठाऊक नाही. प्रेताच्या नाकातला कापूस पाहून या भागात कोणीही थबकत नाही. ठाण्याच्या माणसाला वाटले दवाखान्याने ठेवला, दवाखान्याला वाटले घरच्यांनी, घरच्यांना वाटले ठाण्याने. रस्त्यावर पडलेल्या पोरीला एवढी शेवटची सेवा कोणीतरी केली, या समाधानात साऱ्यांनी मान खाली घातली.

हजराबी मात्र थबकली. आपल्याशिवाय या गावात हे काम करणारे कोण, असा तिचा साधा, जवळजवळ धंद्याच्या अभिमानाचा प्रश्न होता. तारिकने तिला सकाळचा फोटो मोठा करून दाखवला. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हा मयताचा कापूस नाही, बेटा," ती म्हणाली. "मयताले पिंजलेला ठेवतात. यात पत्ती हाय, धूळ हाय. हा गंजीचा कच्चा माल हाय. हा कोनी ठेवला नाही. हा तिनं ओढला."

जिनिंगमध्ये कापसाच्या घराएवढ्या उंच गंज्या लागतात. खालून उपसत गेले की वरचा भार एखाद्या वेळी सगळाच कोसळतो. दीपा पुंडलिकरावांच्या जिनिंगमध्ये रात्रपाळीला गंजी उपसत होती. हंगामात कारखाना एक दिवस बंद राहिला तर काय नुकसान होते, आणि बायपासवर एक प्रेत नेऊन ठेवायला किती मिनिटे लागतात, हे गणित कोणालाही सुटण्यासारखे होते. तारिकला त्या दुपारीच सुटले. त्याने बातमीत बदल केला नाही. फोटो पुसलाही नाही. पुढच्या महिन्यात त्याने नवा मोबाइल घेतला आणि जुना, त्यातल्या कार्डासकट, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात दीपाच्या परत आलेल्या कापसाखाली ठेवून दिला. त्या डब्याला घरात कोणी हात लावत नसे. विवेक ठेवण्यासाठी इतकी सुरक्षित जागा गावात दुसरी नव्हती.

मग त्याने कादंबरी लिहिली. चार वर्षे, पहाटे उठून, शाईच्या पेनाने. 'सातव्या गंजीचं रहस्य'. नायक राजदीप, एका छोट्या गावातला निर्भीड पत्रकार, बुलेटवरून हिंडणारा. राजदीप प्रेत पाहतो, कापूस ओळखतो, धमक्या पचवतो, संपादकाच्या टेबलावर राजीनामा फेकतो. गाव तेलंगणाच्या सीमेपलीकडे नेलेले, मृत मुलीचे नाव शालिनी, खुनी परप्रांतीय दलाल, जो शेवटच्या प्रकरणात ट्रकखाली येतो. अशा रीतीने न्याय झाला आणि कोणालाही अटक करावी लागली नाही. ज्याला सात ओळींत एक शब्द बदलता आला नाही, त्याने दोनशे अठ्ठावीस पानांत बदलता येण्यासारखे सर्व काही बदलले.

* * *

"ती कादंबरी आहे, ताई," तारिक म्हणाला. "मनाने रचलेली."

"मंग कापूस?"

"तोही."

सत्यशीलाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर त्याला सोपे गेले असते.

"मी तुमाले भांडाले आली नाही, भाऊ. त्या सकाळी तुमी साऱ्यायच्या आधी पोचलते, हे गाव जानते. दोन वळी लिहून द्या. मी सकाळी सहाले तिथं होतो, तिच्या नाकात कापूस होता, बस. वकील म्हनते एवढ्यावर फाइल उघडी राह्यते. कोनं केलं ते नका लिहू. त्याचं नाव मी घेईन."

त्याने त्यांना न सांगितलेल्या गोष्टी अशा होत्या: त्याची मुलगी जेबा पुंडलिकरावांच्या संस्थेच्या शाळेत तीन वर्षे शिकवत होती आणि तिच्या कायम होण्याचा कागद या महिन्यात सहीला होता, पुंडलिकराव आजच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे होते, आणि या गावात तारिक मोहिउद्दीन नावाच्या माणसाने पुंडलिकरावांविरुद्ध साक्ष दिली, तर ती साक्ष कशाबद्दल होती हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहणार नव्हते, फक्त नाव लक्षात राहणार होते. यातली तिसरी गोष्ट खरी होती. पहिल्या दोन त्याने स्वतः जमवून आणल्या होत्या.

"उद्या सकाळी बघू," तो म्हणाला.

"अकराची तारीख हाय."

"बघू म्हटलं ना."

सत्यशीलाबाईंनी नोटिशीची घडी मूळच्याच रेघांवर घातली. शटरखालून वाकून बाहेर जाताना त्या म्हणाल्या, "कार्यक्रमाले आमी दोघी येऊन राह्यलो. अपेक्षाले पास भेटला, टायपिंगवाली म्हनून."

* * *

पुस्तकांचे गठ्ठे नागपूरहून सकाळच्या एसटीने आले ते थेट वाचनालयाच्या सभागृहात उतरले. दहा प्रती चकचकीत कागदात बांधून फितीने सजवण्यापुरताच वेळ होता. लेखकाने स्वतःचे पुस्तक उघडून पाहावे, एवढी सवड आपल्याकडच्या प्रकाशन समारंभांत ठेवण्याची पद्धत नाही.

पुंडलिकराव वेळेवर आले. पांढऱ्या सदऱ्यातला, हळू बोलणारा, प्रत्येकाच्या घरची विचारपूस करणारा माणूस. सभागृहात साठ-सत्तर लोक होते: शिक्षक, वकील, दोन माजी नगरसेवक, दुसऱ्या रांगेत जेबा, पहिल्या रांगेच्या कडेला हिरवी शाल पांघरलेली हजराबी. शेवटच्या रांगेत, पंख्याखालची जागा सोडून, सत्यशीलाबाई आणि अपेक्षा.

पुंडलिकरावांना दरवर्षी पाच-सहा पुस्तके प्रकाशित करावी लागत. त्यातून त्यांनी एक युक्ती काढली होती. फीत सोडायची, पुस्तक मधोमध उघडायचे आणि समोर येईल तो परिच्छेद मोठ्याने वाचायचा. श्रोत्यांना चव मिळते आणि पाहुण्यांनी पुस्तक वाचलेले नाही हा आरोप उरत नाही. त्यांचा आवाज वाचनाला चांगला होता.

"'राजदीप गुडघ्यावर बसला,'" त्यांनी वाचले. "'पहाटेच्या धुक्यात महामार्गावरचे ट्रक दिवे लावून जात होते. दीपाच्या दोन्ही नाकपुड्यांत कापूस होता. राजदीपने तो निरखून पाहिला. हा कापूस कोणी ठेवला नव्हता. दीपाने तो...'"

इथे ते थांबले नाहीत, हे सांगितले पाहिजे. दुसरा कोणी अडखळला असता. पुंडलिकरावांनी वाक्य पूर्ण केले, त्याच स्वरात पुढचे वाक्य वाचले, परिच्छेद संपवला आणि मग पुस्तकात बोट ठेवून ते तारिककडे वळले. माईक त्यांच्या समोरच होता, म्हणून त्यांचा हलका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"तारिकभाऊ, हे नाव काय आहे?"

तारिकने समोरची प्रत उघडली. त्याने शालिनी लिहिले होते. शेवटच्या प्रुफावर शालिनीच होते. त्याने स्वतः पान-पान पाहून सही केली होती. आता एकशे तेराव्या पानावर दीपा होती. एकशे चौदाव्या पानावर दीपा होती. त्याने मागे उलटले, पुढे उलटले. पहिल्या प्रकरणात दीपा डबा घेऊन घरातून निघत होती, तिसऱ्यात धाकट्या बहिणीची वेणी घालत होती, हे त्याने कल्पनेने लिहिले होते आणि आता ते कल्पनेने लिहिल्यासारखे दिसत नव्हते. चार वर्षांत न जमलेले काम संगणकाच्या एका आज्ञेने केले होते. पुस्तक आता खरे झाले होते. फक्त त्यावर लेखक म्हणून त्याचे नाव होते, आणि त्याला होय एवढेच म्हणायचे होते.

सभागृहात सगळ्यांना ते नाव माहीत होते. पंखा फिरत होता. जेबा बापाकडे पाहत होती.

"मुद्रणदोष आहे, भाऊसाहेब," तारिक म्हणाला.

शेवटच्या रांगेत अपेक्षा उभी राहिली. ती बावीस वर्षांची, किरकोळ अंगाची मुलगी होती.

"एकशे सतरा ठिकानी हाय, काका," ती म्हणाली. "मुद्रनदोष एकशे सतरा ठिकानी होत नाही. मी केलं. तुमी सांगा आता, कोनचं नाव चुकलं."

तारिकने हातातली प्रत मिटली.  मग पुंडलिकराव मंद हसले.

"लेकराकडून होते असं," ते म्हणाले. "त्या पोरीले कोनी रागावू नका. घरातलं दुःख हाय. तारिकभाऊ, दुरुस्तीची चिठ्ठी लावून घ्या, अन मंगच प्रती वाटा. आपल्या जेबा मॅडम मदत करतील." त्यांनी पुस्तक पुन्हा चकचकीत कागदात ठेवले आणि फीत होती तशी बांधली.

टाळ्या झाल्या. टाळ्या कशासाठी झाल्या, हे कोणालाही सांगता आले नसते. आपल्याकडे शांतता असह्य झाली की टाळ्या वाजतात. मानपत्र देण्यात आले. ते एका बाजूने वाकडे लॅमिनेट झाले होते.

जेवणाच्या वेळी हजराबी भाताला हात न लावता बसून होती. तारिक तिच्या पानाशी वाकला आणि काही हवे का म्हणून त्याने विचारले.

"तिची आई जेवली काय?" हजराबीने विचारले.

"गेल्या त्या. केव्हाच."

हजराबीने मान हलवली. मग पान बाजूला सारून ती उठली.

* * *

सोमवारी सकाळी नऊपासून तारिक स्वतःच्याच यंत्रावर शुद्धिपत्रके काढत होता. एका पानावर आठ. 'या कादंबरीत जेथे जेथे दीपा असे छापले गेले आहे तेथे तेथे शालिनी असे वाचावे. वाचकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' कागद कापायचा, मागे गोंद लावायचा, काल्पनिक पात्रांविषयीच्या सूचनेखाली चिकटवायचा. पाचशे प्रती होत्या. जेबा शाळेत गेली होती. मदत करते असे म्हणाली नव्हती, आणि त्याने विचारले नव्हते.

लिहून द्यायच्या दोन ओळी त्याला पाठ होत्या. चिकटवताना त्या त्याच्या डोक्यात क्रमाने येत आणि प्रत्येक प्रतीबरोबर मिटत. शंभराव्या प्रतीच्या सुमारास त्याने कोरा कागद ओढून 'मी सकाळी सहा वाजता' एवढे लिहिले. मग त्या कागदाची मागची बाजू कोरी आहे हे पाहून तो यंत्रात घातला.

अकराला दहा मिनिटे होती तेव्हा गोंद संपला. नवी बाटली वरच्या फळीवर होती. यंत्र चालू ठेवून तो स्टुलावर चढला.

बाटली जागेवर होती. तिच्याशेजारी पत्र्याचा डबा नव्हता.

फळीला मोहिउद्दीनने कधीकाळी निळा रंग दिला होता. झेरॉक्सच्या काजळीने ती सगळी करडी झाली होती. हजराबी ती दर शुक्रवारी पुसत असे तरी काजळी निघत नसे, आणि डबा ती उचलत नसे. त्याच्या जागी आता वाटोळा, स्वच्छ निळा डाग होता.

समोरच्या दुकानातला रामधन शिंपी मशीनवरून मान वर करून बघत होता.

"अम्मीले पाहून राह्यले काय?" त्याने विचारले. "अम्मी तं दहालेच गेली, तुमी चहाले गेलते तवा. ते खिचडीवाली बाई न तिची पोरगी आलते, त्यायच्या संगं. हातात डबा होता. मी म्हनलं ऑटो बोलावतो, कोर्ट काही जवळ नाही या वयात. तं म्हने, नको रे, मयताच्या कामाले मानसानं पायदल जावं."

तारिक स्टुलावर उभाच राहिला. त्याने त्या निळ्या डागावर पंजा ठेवला. फळीवर सगळीकडे काजळी होती, तेवढ्या जागेत नव्हती.

खाली यंत्र चालू होते. शुद्धिपत्रके एकामागून एक बाहेर येत होती आणि पेटीत पालथी पडत होती.